‘डॉट इन’ आउट का?

देशाचं स्वतःचं इंटरनेट आडनाव १९८९पासून आहे. तरी नंदनवनातल्या पाट्यांवर ते शोधावं लागतं. असं का, राजेहो?

जगनाडे चौकातून नंदनवनच्या मेन रोडला लागा. शक्यतो संध्याकाळी, पाट्यांचे दिवे लागले की. आता एक गेम खेळू. गाडी हळू चालवायची (मागे बसला असाल तर उत्तमच) आणि पाट्या वाचत जायचं. ब्युटी पार्लर, केकवाले, जिम, डेंटिस्ट, मॉड्युलर किचन, केडीके कॉलेजच्या पोरांवर डोळा ठेवून उघडलेले क्लासेस. मोबाइल नंबर? सगळीकडे. व्हॉट्सअॅपचा हिरवा लोगो? आहेच. इन्स्टाचं हँडल? तेही आहे. क्यूआर कोड तर चाटच्या ठेल्यावरही लटकतोय.

आणि वेबसाइट? ती मात्र शोधावी लागते. सापडलीच तर शेवटी बहुधा ‘डॉट कॉम’ असतं. ‘डॉट इन’ दिसलं तर एक पॉइंट तुमचा. आणि मराठीतलं ‘डॉट भारत’ दिसलं तर गाडी थांबवा, फोटो काढा आणि आम्हालाही पाठवा!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पत्ता चालला म्हणजे झालं. आडनाव कुणाचं का असेना! पण बॉस, तुमच्या धंद्याचं नाव उद्या कुणी पळवलं तर भांडायचं कुठे, हे त्या आडनावावरच ठरतं. ‘डॉट कॉम’चं दप्तर सांभाळते व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी. ‘डॉट इन’चं दप्तर दिल्लीत निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. त्याचे वाद इथल्याच लवादापुढे जातात. म्हणजे प्रश्न नुसत्या देशप्रेमाचा नाही, सोयीचाही आहे. तरी आपण ‘कॉम’कडेच धावतो.

जरा बाहेर बघू. नेदरलँड्सची लोकसंख्या जेमतेम १ कोटी ८० लाख, आणि त्यांच्या ‘डॉट एनएल’ची नावं ६० लाखांच्या आसपास. म्हणजे तीन माणसांमागे एक! जर्मनीत ‘डॉट डीई’ची पावणेदोन कोटींच्या आसपास नावं आहेत, म्हणजे पाच माणसांमागे एक. तिथला बेकरीवाला, सुतार, वकील, सगळे ‘डीई’. आणि आपण? ‘डॉट इन’ची नावं ४० लाखांच्या आसपास. साडेतीनशे माणसांमागे एक. तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. आपल्याकडे इंटरनेट उशिरा आलं, आणि आलं तेही मोबाइलवरून. शिवाय नुसत्या आकड्यात बघितलं तर ‘डॉट इन’ जगातल्या मोठ्या देशी आडनावांमध्ये मोडतं. पण एकट्या ‘डॉट कॉम’ची नावं १५ कोटींच्या वर आहेत, आणि आपल्या डोक्यात वेबसाइट म्हटलं की अजूनही तेच वाजतं.

जुहूचं बंद दार

या गोष्टीचं मूळ आपल्याच राज्यात आहे, मुंबईच्या जुहूला. १९८९मध्ये ‘डॉट इन’ हे आडनाव भारताच्या नावे झालं, तेव्हा त्याचा कारभार गेला एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेकडे. भारतात इंटरनेट आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांतलीच ही मंडळी. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. माणसं हुशार, हेतू स्वच्छ, पण कारभार सगळा शास्त्रज्ञांच्या शिस्तीचा. नुसतं ‘अमुक डॉट इन’ हवंय म्हणालात तर मिळत नसे. कंपनी असाल तर ‘डॉट को डॉट इन’ घ्या, संस्था असाल तर ‘डॉट ऑर्ग डॉट इन’ घ्या. वर नियम कडक. परिणाम? १९९२ ते २००४ या काळात मिळून नावं नोंदली गेली अवघी ७ हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशात! आपल्या धरमपेठेतही यापेक्षा जास्त घरं असतील.

आणि नेमकी तीच वर्षं सवय लागण्याची होती. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. रेडिफ १९९६चं, नौकरी १९९७चं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी सुरू केलेली मायबोलीही १९९६चीच. सगळे ‘डॉट कॉम’! कारण ‘कॉम’ घ्यायला कुणाला काही पटवून द्यावं लागत नसे. क्रेडिट कार्ड चालवा, नाव तुमचं. १९९९मध्ये विक्रेत्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली आणि भावही उतरले. मागोमाग लोकमत, लोकसत्ता, ई-सकाळ हे सगळे मराठी पेपर ‘कॉम’वरच थाटले गेले. २०००च्या सुमारास तर ‘डॉट कॉम’ हा शब्दच झाला. मुलगा ‘डॉट कॉम’ कंपनीत आहे म्हटलं की स्थळाचा भाव वधारायचा. (वर्षभरात तो उतरलाही, पण ती गोष्ट वेगळी.)

सरकारला जाग आली २००४च्या शेवटी. नवं धोरण झालं, कारभार निक्सीकडे गेला, आणि १ जानेवारी २००५ला दार किलकिलं झालं. पहिले तीन आठवडे ट्रेडमार्कवाल्यांसाठी राखीव. १६ फेब्रुवारी २००५पासून सगळ्यांसाठी खुलं. मधला ‘को’ नको असेल तर नको, सरळ ‘अमुक डॉट इन’ घ्या. पण तोवर पंगत उठली होती, राव! ज्यांना नाव कमवायचं होतं त्यांनी ते ‘कॉम’वर कमावलं होतं. ग्राहकाच्या बोटांनाही तेच वळण लागलं होतं.

हे फक्त आपलंच झालं असं नाही. खुद्द अमेरिकेचं आडनाव ‘डॉट यूएस’. कधी वापरलंय? तिथेही २००२पर्यंत असंच होतं. आधी गाव, मग राज्य, मग ‘यूएस’, अशी लांबलचक आगगाडी जोडावी लागे. त्यांनीही दार उघडलं तेव्हा अख्खी अमेरिका ‘कॉम’ला आपलं घरचं आडनाव समजून बसली होती. उलट जर्मन लोकांनी आपलं दार वेळेत उघडं ठेवलं आणि भाव स्वस्त ठेवला. त्यांचं देशप्रेम आपल्यापेक्षा जास्त होतं असं मला तरी वाटत नाही. त्यांना नाव पटकन मिळालं, एवढंच.

विदेशी झाले ‘इन’, देशी झाले ‘कॉम’

पुढची गंमत बघा. जून २०१३मध्ये अॅमेझॉन भारतात आलं ते ‘अॅमेझॉन डॉट इन’ म्हणून. ईबेने २००४मध्ये आपलं बाझी डॉट कॉम विकत घेतलं आणि पुढे ते झालं ‘ईबे डॉट इन’. गूगल आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘गूगल डॉट को डॉट इन’ होतं. आणि आपले? फ्लिपकार्ट डॉट कॉम, मेकमायट्रिप डॉट कॉम, शादी डॉट कॉम. बाहेरून आलेल्यांना इथले वाटायचं होतं आणि इथल्यांना जगातले! शेवटी २०२५मध्ये गूगलनेही देशोदेशीची वेगळी आडनावं मोडीत काढायचं ठरवलं. आता कुठूनही टाइप करा, वळवतात ‘कॉम’कडेच.

लिंक्डइनवर पडीक असाल (आणि अप्रेझलच्या महिन्यात कोण नसतं?) तर तिथल्या शेअर केलेल्या छोट्या लिंक नीट बघा. ‘एलएनकेडी डॉट इन’. ती ‘इन’ आपलीच बरं का! त्यांना भारताशी काही देणंघेणं नाही, इंग्रजीतलं ‘इन’ जुळलं म्हणून घेतली. तसंच तुवालू या ११ हजार वस्तीच्या बेटांचं आडनाव ‘टीव्ही’ निघालं आणि चॅनेलवाल्यांनी उचललं. अँग्विलाचं निघालं ‘एआय’. आता जगातला प्रत्येक दुसरा स्टार्टअप अँग्विलाचा भाडेकरू! एखादं देशी आडनाव खपणं आणि त्या देशातल्या लोकांनी ते आपलं मानणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या नागपुरात हे मानसशास्त्र समजायला अवघड जाऊ नये. गल्लीतल्या केजीलाही आपण ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो की नाही? आत ना चर्च, ना नन. पण पोरगी ‘कॉन्व्हेंट’ला जाते म्हटलं की कसं भारी वाटतं. ‘कॉम’ हे धंद्याचं कॉन्व्हेंट आहे. सरकारी कंपन्यांनाही हा मोह सुटत नाही. आपल्या मेट्रोची गाडी रुळावर आली तेव्हा तिची साइट होती ‘मेट्रोरेलनागपूर डॉट कॉम’!

फुकट देऊनही बघून झालं. नोव्हेंबर २०११मध्ये गूगलने लहान धंदेवाल्यांसाठी मोहीम काढली. साइट फुकट, वर ‘डॉट इन’ नावही एक वर्ष फुकट. आयडिया सॉलिड होती. पण पहिल्या वर्षी नाव घेणं सोपं. दुसऱ्या वर्षी खिशातून पैसे काढावे लागतात आणि तेव्हाच कळतं, की त्या पत्त्यावरून गिऱ्हाईक आलं का. नुसता पत्ता घेऊन गिऱ्हाईक येत नाही, साइटवर काही तरी ताजं ठेवावं लागतं. केकवाल्याला रोज क्रीम फेटायचं की साइट अपडेट करायची?

व्ही की डब्ल्यू?

आता आपल्या भाषेचं बघू. समजा तुम्ही नंदनवनात कॅफे काढलाय आणि नावातच नंदनवन आहे. इंग्रजीत कसं लिहाल? व्ही की डब्ल्यू? पाट्यांवर दोन्ही सापडतात. फोनवर गिऱ्हाइकाला सांगताना ‘व्ही फॉर व्हॅन’ करत बसा. एकाने डब्ल्यू टाइप केला की तो गेला दुसऱ्याच्या दारात.

यावर खरा इलाज देवनागरी. २७ ऑगस्ट २०१४ला ‘डॉट भारत’ सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणीसह आठ भाषांसाठी, देवनागरी लिपीत. म्हणजे ‘नंदनवन डॉट भारत’ असं सरळ मराठीत टाइप करायचं. ना व्ही, ना डब्ल्यू. यामागचं बरंचसं तांत्रिक काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं. मग हिट व्हायला हवं होतं की नाही?

नाही झालं. आणि कारणं मजेशीर आहेत. पहिलं म्हणजे देवनागरीतही व्ही-डब्ल्यू असतोच, फक्त वेगळ्या वेशात. आपण ‘नंदनवन’ लिहितो, कुणी ‘नन्दनवन’ लिहितं. आणि आपल्या शहराचं काय? मराठीत नागपूर, हिंदीत नागपुर. १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेलं हे गाव, दोन्ही भाषा इथे सुखाने नांदतात. माणसाला ऊ दीर्घ की ऱ्हस्व याने फरक पडत नाही. कॉम्प्युटरला पडतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं! आणि तो वरचा ‘ऱ्ह’ बघितलात? हे अर्धं र संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतं. दिसायला तंतोतंत एक, आतून दोन. मराठी माणसाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक सांगायला हे अर्धं र लागतंच. हिंदीचं त्यावाचून अडत नाही.

दुसरं कारण त्याहून वाईट. इंटरनेटची पत्ते शोधणारी यंत्रणा मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. त्यामुळे ‘भारत’ हा शब्द आत जाताना वेश बदलतो आणि होतो ‘एक्स एन डॅश डॅश एच टू बी आर जे नाइन सी’. विनोद नाही, खरंच! तुम्ही ब्राउझरमधून सुंदर मराठी पत्ता कॉपी करता, व्हॉट्सअॅपवर पेस्ट करता आणि समोर उमटतं हे असलं काही तरी. समोरच्याला वाटतं व्हायरस आला. तो कशाला क्लिक करतोय?

आणि ईमेल? राजस्थान सरकारने डिसेंबर २०१७मध्ये ‘राजस्थान डॉट भारत’वर हिंदी ईमेल पत्ते द्यायला सुरुवात केली. जीमेलने तर २०१४मध्येच अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार सुरू केला होता. पण टपाल पोचणं वेगळं आणि तो पत्ता फॉर्ममध्ये चालणं वेगळं. एखाद्या नोकरीच्या अर्जात, विम्याच्या फॉर्ममध्ये, हॉटेलच्या बुकिंगमध्ये मराठी ईमेल टाकून बघा. लाल अक्षरांत येण्याची शक्यता दांडगी: कृपया योग्य ईमेल पत्ता भरा! ज्याने फॉर्म लिहिला त्याने ‘योग्य’ म्हणजे ए ते झेड एवढंच धरलेलं असतं. जो पत्ता दहापैकी तीन ठिकाणी चालत नाही, तो व्हिजिटिंग कार्डवर कोण छापेल? आणि कार्डवर कुणी छापत नाही, म्हणून फॉर्म लिहिणारे दुरुस्ती करत नाहीत. जानेवारी २०२१मध्ये निक्सीने ‘डॉट इन’ घ्या आणि आपल्या भाषेतलं नाव फुकट न्या, अशी ऑफर काढली. पण अडचण किमतीची नव्हतीच ना!

‘इन्स्टावर या ना जी!’

यात नव्या पिढीचा तर प्रश्नच निकालात निघालाय. ‘भाऊ, वेबसाइट हाये का?’ असं नंदनवनात विचाराल तर ऐकू येईल, ‘इन्स्टावर या ना जी!’ आणि त्यात चूकही नाही. घरून टिफिन किंवा केक विकणाऱ्या ताईंना साइटची गरजच काय? फोटो इन्स्टावर, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयवर. ‘कॉम’ की ‘इन’ हा वाद त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ‘डॉट इन’चा खरा स्पर्धक आता ‘कॉम’ नाही, हे हँडल आहे.

फक्त एक आठवण करून देतो. २९ जून २०२०ची रात्र. टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांनी तिथे लाखांनी फॉलोअर्स जमवले होते, ते एका रात्रीत निर्वासित झाले. बंदी योग्य की अयोग्य, तो मुद्दा नाही. जागा भाड्याची होती, हा मुद्दा आहे. अकाउंट हॅक झालं किंवा बंद पडलं की दाद मागायची कुणाकडे? एका ऑटोमॅटिक रिप्लायकडे! डोमेन नेमाने रिन्यू केलं तर ते तुमचं. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मान्य केलंय.

तेव्हा कॅफे खरंच काढणार असाल तर ‘इन’ही घ्या आणि ‘कॉम’ही. दोन्हींचा वर्षाचा खर्च चार मित्रांच्या एका सावजी पार्टीएवढाही नाही. एक मात्र सांभाळा. साइट बनवून देणारा मित्र कितीही जवळचा असो, नाव तुमच्या नावे, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर नोंदवा. तो उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला आणि रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडत राहिले, तर दुकान तुमचं आणि पाटी दुसऱ्याची!

बँकेने आडनाव बदललं

असं असताना एका ठिकाणी ‘इन’ चक्क इन झालंय. फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की बँकांसाठी वेगळं आडनाव असेल: ‘डॉट बँक डॉट इन’. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि मुदत दिली ३१ ऑक्टोबर २०२५ची. स्टेट बँकेपासून नागरी सहकारी बँकांपर्यंत सगळ्यांना लागू. हे नाव देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेला, आणि मिळणार फक्त बँकेला. स्टेट बँकेची गोष्ट तर भारीच. त्यांनी स्वतःच्या मालकीचं ‘डॉट एसबीआय’ हे आख्खं आडनाव घेतलं होतं आणि साइट होती ‘बँक डॉट एसबीआय’. आता झाली ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’!

कारण उघड आहे. ‘तुमचं केवायसी संपलं’ असे मेसेज आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात, आणि त्यातल्या लिंकवर बँकेचं नाव टाकून कुणीही कसलंही ‘कॉम’ घेऊ शकतं. जुहूचं बंद दार १९९०च्या दशकात ‘डॉट इन’ला नडलं. तेच बंद दार बँकेसाठी मात्र कामाचं, कारण आत कोण आहे ते कुणीतरी तपासलेलं असतं. ‘गव्ह डॉट इन’चं असंच आहे. नागपूर महापालिकेचा टॅक्स भरताना पत्ता ‘गव्ह डॉट इन’चा असला की आपण फार विचार करत नाही.

फक्त पत्ता वाचायची पद्धत बदलायला हवी. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतो. ठगांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असं लिहिलं की पहिला अर्धा भाग वाचून आपला अंगठा पुढे! सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत या. आधी आडनाव, मग नाव. शेवटी ‘कॉम’ असेल तर ती बँक नाही, अलीकडे कितीही वेळा ‘बँक डॉट इन’ लिहिलेलं असो. आज घरी गेलात की आईबाबांच्या फोनवर हे एकदा करून दाखवा.